अप्पांनी कोरी सोडलेली जागा

अप्पा पेंटरच्या दुकानात वाळलेल्या रंगाचे डबे साठतात तसे किस्सेही साठत जातात. टाकून द्यायला जीव होत नाही! मी कळंबला शाळेत चित्रकला शिकवतो आणि शाळा सुटली की अप्पांच्या दुकानात जाऊन खरी चित्रकला शिकतो.

दुकान म्हणजे त्यांच्या घराचीच पुढची खोली. आतल्या दारात, चौकटीला डावा खांदा टेकवून, चहाची किटली घेऊन अप्पांच्या बायको, आमच्या काकू, उभ्या असायच्या. तिथूनच टोमणा यायचा, "सगळ्या तालुक्याची तोंडं रंगवली. माझं कवा?"

"बस की समोर!"

"बसायला येळ हाय का मला!"

*

एका किराणावाल्या शेठनं आपला नवा बोर्ड बघून कपाळाला हात लावला. "अप्पा, अर्धा बोर्ड रिकामाच! तिथं तूरडाळ, साबण, खोबरेल, सगळं लिवा की."

"शेठ, तुमच्या दुकानात पाय ठेवायला जागा न्हाय. बोर्डावर तरी असू द्या!"

शेठ पुटपुटत गेले. आज एसटीतून उतरणाऱ्याला पहिला तोच बोर्ड दिसतो.

*

एकदा मी मोठ्या ऐटीत परंड्याच्या किल्ल्याचं चित्र नेलं. एकेक दगड काढला होता. अप्पांनी डोळे बारीक केले.

"सर, दगड लई झाले. आभाळ कुठं हाय?"

"ते काय, उरलेल्या जागेत असतंच की."

"उरलेलं न्हाय. आधी आभाळ काढा. बुरूज आपोआप उभा राहतोय."

घरी जाऊन मी हट्टानं नुसतं आभाळ रंगवलं. आणि खरंच बुरूज उभा राहिला! माझा डिप्लोमा त्या दिवशी पूर्ण झाला म्हणायचा.

*

शेजारच्या वाशी तालुक्यातल्या एका शाळेच्या भिंतीवर नाव टाकायचं होतं. अप्पा दुपारपर्यंत नुसता निळा रंग देत होते. हेडमास्तर अस्वस्थ. "अहो, नाव कधी लिहिणार?"

"लिवायचं कशाला? भिंतीतच हाय. म्या भोवतीचं झाकायलोय."

शेवटचा हात फिरला आणि पांढऱ्या चुन्यातून शाळेचं नाव लख्ख बाहेर आलं. हेडमास्तरांनी सगळे वर्ग बाहेर बोलावून दाखवलं!

*

गेल्या वर्षी काकू गेल्या. वर्ष भरत आलं तशी त्यांची मुलगी सुरेखा फोटो शोधायला लागली. मोबाईलमध्ये जिथं तिथं काकूंनी तोंडावर पदर घेतलेला. आधार कार्डावरचा फोटो मोठा करून आणला, तर तीच म्हणाली, "अप्पा, ही आई न्हाय. तुमीच काढा."

अप्पा तीन दिवस बसले. डोळे काढले, पुसले. नाक काढलं, पुसलं. ज्या माणसाला मी कधी खडूची रेघ पुसताना पाहिलं नाही, तो माणूस! मला म्हणाले, "सर, चाळीस वर्षं बघितलं, अन् तोंड हाताला येईना."

चौथ्या दिवशी त्यांनी आतलं दार काढायला घेतलं. चौकट, मागची भांड्यांची फळी, धुरकटलेली भिंत, खिडकीतला उजेड. दाराच्या मधली जागा मात्र कोरी. खांद्यापाशी चौकटीला टेकलेली, खाली किटलीएवढी बाहेर आलेली.

वर्षाच्या दिवशी पाहुणे जमले. कुणीतरी म्हणालं, "अप्पा, चित्र अर्धंच राहिलंय की!"

सुरेखा पुढं आली, बराच वेळ बघत राहिली. मग तिनं कुंकवात बोट बुडवलं आणि त्या कोऱ्या जागेत, जराही न चाचपडता, नेमकं कपाळावर टेकवलं.