टाकीतल्या तीन सळ्या

यजमान होते तोवर टाकी भरणं हे आमचं दोघांचं काम होतं. ते गच्चीवर टाकीशी उभे राहत, मी खाली मोटारीच्या बटणापाशी. वरून "बंद कर!" असा आवाज आला की मी बटण दाबायची. ते गेल्यावर नालवाडीच्या घरात मी एकटीच राहिले. मोटार चालू करून विसरायची, पाणी भिंतीवरून वाहत राहायचं. शेवटी पुण्याच्या मुलाने फोनवरूनच नाचणगावचा एक मिस्त्री ठरवला.

मिस्त्रीने टाकीत कमी-जास्त लांबीच्या तीन स्टीलच्या सळ्या सोडल्या. म्हणाला, "लांब सळी पाण्यात हलकासा करंट सोडते. आखूड सळीले पाणी लागलं का मोटार बंद. मधल्या सळीच्या खाली गेलं का आपोआप चालू. काकू, आता तुमाले पाहाचं कामच नाई."

खरंच काम उरलं नाही. तरी मोटार सुरू झाली की मी सवयीने बटणापाशी जाऊन उभी राहायची. थोड्या वेळाने खट्ट व्हायचं, मोटार थांबायची, मी आत यायची.

मागच्या वर्षी एका सकाळी नळ कोरडे पडले. बटण दाबून पाहिलं, तरी मोटार सुरू होईना. हंड्यात होतं तेवढ्या पाण्यावर मी दोन दिवस काढले. अंघोळसुद्धा केली नाही. दुसऱ्या संध्याकाळी मुलाचा फोन आला, "सगळं ठीक ना?" मी म्हटलं, "ठीक."

तिसऱ्या दिवशी हंडा संपला तेव्हा मिस्त्रीला बोलावलं. त्याच्यामागे मीही गच्चीवर गेले.

"सळ्याइच्या मधात शेवाळ धरलं," तो टाकीत वाकून म्हणाला. "ओल्या शेवाळातून करंट जाते. मशीनले वाटते, टाकी भरून हाये. म्हून मोटार चालूच नाई झाली." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "दोन दिवस बिनपाण्याच्या राह्यल्या? बाजूले सांगाचं नं, काकू!"

यजमान गेल्यापासून मी कोणालाच हाक मारली नव्हती, हे तेव्हा कळलं. माझे डोळे भरून आले. तो मान खाली घालून सळ्या घासत राहिला.

"मलेही शिकव," मी म्हटलं.

"आधी मेन स्विच बंद करजा. अन् शिडी धराले कोणीतरी पायजे."

महिन्याभराने सळ्या घासायच्या दिवशी मी कुंपणाशी जाऊन शेजारच्या बाईंना हाक मारली. आवाज चिरकला, दुसऱ्यांदा मारावी लागली. त्या पदराला हात पुसत आल्या. शिडी धरून खालून विचारू लागल्या, "काय करून राह्यल्या वो वर?"

मी वरून सांगत राहिले.