बापासकट नाव

आमच्या वरच्या मजल्यावरचे काका बँकेतून निवृत्त झाल्यापासून मराठीत आलेल्या जाडजूड रशियन कादंबऱ्याच वाचतात, आणि त्याचा त्रास साऱ्या पेठेला होतो. "त्या लोकांत नुसत्या नावानं हाक मारत न्हाईत. नावाला बापाचं नाव जोडलं की माणूस विरघळतोय. मंत्र हाय त्यो," असं ते जिन्यात गाठून सांगतात. सांगून थांबले असते तर काही म्हणणं नव्हतं. ते मंत्र वापरतात.

मागे आम्ही दोघं गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला गेलो. काकांनी अदबीनं मान लववली आणि रोजच्या दूधवाल्याला म्हणाले, "सर्जेराव मारुती, दोन ग्लास द्या." कोल्हापुरात बाप काढल्यावर जे होतं तेच झालं. दूधवाला चरवी खाली ठेवून उठला. "ओ काका, माझ्या बापाला कशाला काढताय मधी?" मी काकांना दंडाला धरून लांब नेलं. काका मात्र खूश होते. "बघितलंस? दोन शब्दांत माणूस उभा राहिला. आणखी काय जादू पायजे?"

गेल्या महिन्यात माझे वडील वारले. माणसं येत होती, ठरलेलं बोलून जात होती, आणि मी कोरड्या डोळ्यांनी दारात उभा राहून सगळ्यांना हात जोडत होतो. काका जिना उतरून आले. चप्पल काढली आणि हळूच म्हणाले, "वसंत गणपती."

दूधवाला निदान उभा तरी राहिला होता. मला खाली बसावं लागलं.