तिनं सोडलेली मासोळी

माझी मुलगी सात वर्षांची होईपर्यंत आमच्या घरात एकच गोष्ट ऐकू यायची. तिच्या आईनं बाळंतपणात मासोळी खाल्ली, म्हणून पोरीचं पोट बिघडलं आणि डोकंही. आम्ही पोंभुर्ण्याकडचे, तलावात मासे धरणारे लोक. पण आमच्या घरी बाळंतिणीला महिनाभर मासोळी देत नाहीत. हिनं भुकेपोटी तिसऱ्याच दिवशी रस्साभात खाल्ला. माझ्या आईनं ते पाहिलं, झालं!

मुलगी बोलत नव्हती. चार-चार दिवस तिला शौचाला होत नसे. मग ती तलावाकाठी उपड्या घातलेल्या डोंग्यावर, आमच्या लहान होडीवर, पोट दाबून पडायची, स्वतःचा हात चावायची. आणि मी शहाणा तिलाच दम द्यायचो, नाटकं करू नको म्हणायचो. लाज वाटते आता. न बोलणाऱ्या लेकरानं दुसरं कसं सांगावं?

बायकोनं मासोळी सोडली ती सोडलीच. आमच्यासाठी झिंगे रांधायची आणि स्वतः चटणीभात खायची.

खरं तर लहानपणी मीही असाच तलावाच्या पाळीवर पोट दाबून पडायचो. आई विसरली असेल, मी विसरलो नव्हतो. पण दोष आयताच बायकोच्या माथी गेला होता. मी मूग गिळून बसलो.

शेवटी चंद्रपूरला एका डॉक्टरबाईंना दाखवलं. मुलीला ऑटिझम आहे, त्या म्हणाल्या, आणि अशा मुलांना पोटाचा त्रास पुष्कळदा असतो. काही जनुकं मेंदूत आणि आतड्यात, दोन्हीकडे काम करतात. सगळं अजून उलगडलेलं नाही, पण मासोळीनं हे होत नाही. मग त्यांनी विचारलं, "घरात आणखी कोणाला पोटाचा त्रास?"

"नाई," बायको म्हणाली.

"मले," मी म्हणालो. "लहानपणापासून."

तेवढ्यावरून तुमच्याकडूनच आलं असं म्हणता येत नाही, बाई म्हणाल्या, दोष तर कोणाचाच नाही. बायको माझ्याकडे बघत राहिली.

"तुमाले मालूम होतं?" बाहेर आल्यावर तिनं विचारलं. मी हो म्हणालो. बसमध्ये ती पोरीला मांडीवर घेऊन खिडकीकडे तोंड करून बसली.

औषधानं पोरीचं पोट मोकळं होऊ लागलं, हात चावणं कमी झालं. तेव्हा मी एक चांगली मरळ आणली, स्वतः रांधली आणि बायकोच्या ताटात वाढली. तिनं घास तोंडाजवळ नेला आणि परत ठेवला.

"राहू द्या जी. आता वासच सहन नाई होत मले."

ताट माझ्याकडे सरकवून ती पोरीला भरवायला बसली.