पाच पायऱ्या आणि चौदा दिवस

किस्से काही कोणी ठरवून जमवत नाही. आईस्क्रीमचे रिकामे डबे साठतात तसे ते साठतात. टाकवत नाहीत, आणि एक दिवस कपाट उघडलं की धाडधाड अंगावर येतात! नॉटिंगहॅमच्या ज्या क्लोजमध्ये आम्ही राहतो, तिथे तर हे कपाट कधी बंदच होत नाही.

क्लोज म्हणजे पुढे रस्ता नसलेली गल्ली. मधे हिरवळ, तिच्यावर एक बाक आणि भोवती अठरा घरं. साठ वर्षांपूर्वी ज्या आर्किटेक्टनं ही घरं काढली, तो म्हणे अमेरिकेतल्या एका वाळवंटी शहरात राहून आला होता. तिथली घरं त्याला इतकी आवडली, की त्यानं ती जशीच्या तशी इथे उभी केली. सपाट छप्पर, भिंतभर काच आणि ऊन अडवायला रुंद छज्जे. नॉटिंगहॅममध्ये! ऊन अडवायला! आता सगळा क्लोज हेरिटेज आहे. बाहेरच्या भिंतीला खिळा ठोकायचा तरी रेसिडेंट्स कमिटीला विचारायचं.

पहिल्याच नोव्हेंबरात आमचा हॉल गळायला लागला. मी खाली बादली लावली आणि कमिटीच्या अध्यक्ष मार्गारेटबाईंना बोलावलं. वय ऐंशीच्या पुढे, पाठ ताठ, गळ्यात मोत्यांची माळ. क्लोजमध्ये अगदी पहिल्या दिवसापासून राहणाऱ्या त्या एकट्याच उरल्यात. त्यांनी छताकडे पाहिलं, बादलीकडे पाहिलं.

"छप्पर अगदी ठीक आहे," त्या म्हणाल्या, "हवा चुकीची आहे!"

आणि जाता जाता सांगून गेल्या की हिरवी बादली काचेतून बाहेर दिसते, तेवढी पांढरी लावा.

*

दाराला सातच रंग चालतात. आमच्या वाट्याला मस्टर्ड. माझा नवरा मिलिंद हॉस्पिटलमध्ये भूल देणारा डॉक्टर, पण रविवार आला की त्याच्या अंगात सुतार, रंगारी, प्लंबर असे सगळे एकदम संचारतात. त्यानं दार रंगवलं. दुसऱ्या दिवशी कमिटीचे सेक्रेटरी डेरेक फाइल घेऊन हजर. रिटायर्ड भूगोलाचे मास्तर. त्यांनी शेडकार्ड दाराला लावून बराच वेळ पाहिलं.

"मस्टर्डच आहे," ते म्हणाले, "पण जरा जास्तच आनंदी आहे."

मिलिंदनं पुढचा रविवार दाराला थोडं दुःखी करण्यात घालवला.

*

वर्षातून एकदा, उन्हाळ्यात, क्लोजचा ओपन डे असतो. लोक कॅमेरे घेऊन येतात आणि आमच्या घरात फिरतात. दाराची मूठ दिसली, की "इज इट ओरिजिनल?" स्विच दिसला, की "इज इट ओरिजिनल?" पुढे मार्गारेटबाई, मागे तीसचाळीस माणसं.

तीन वर्षांपूर्वी माझ्या सासूबाई पहिल्यांदा मिरजेहून आल्या होत्या. मी त्यांना आईच म्हणते. त्या काचेजवळच्या जुन्या खुर्चीत इरकल नेसून, हातात वाटाण्याची परडी घेऊन बसल्या होत्या. एका बाईंनी खुर्चीकडे बोट दाखवून नेहमीचा प्रश्न विचारला. आईंना वाटलं, आपल्यालाच विचारतायत.

"येस, येस! ओरिजिनल! मिरज!"

बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. कुठल्या तरी पुस्तकात आमची खुर्ची आता मिरजेची असणार.

*

या मार्चमध्ये आई पुन्हा आल्या, सहा महिन्यांसाठी. पण या तीन वर्षांत गुडघे पार गेले होते. आणि आमच्या पुढच्या दाराला पाच पायऱ्या आहेत. काँक्रीटच्या, भिंतीतून नुसत्या बाहेर आलेल्या, खाली पोकळ, बाजूला धरायला काही म्हणता काही नाही. अठराही घरांना तशाच. चढताना आम्ही दोघांनी त्यांना धरून वर नेलं. मग दिवसभर आम्ही कामावर आणि आई काचेआड. समोर ती हिरवळ, तो बाक, आणि आईंना तिथवर जाता येईना.

मी कमिटीकडे साध्या कठड्यासाठी अर्ज केला. उत्तर आलं, नाही. मी मार्गारेटबाईंच्या घरी गेले.

"आर्किटेक्टचं म्हणणं होतं की पायऱ्या तरंगल्या पाहिजेत," त्या म्हणाल्या. "साठ वर्षं तरंगतायत."

मी घरी येऊन सांगितलं. आई म्हणाल्या, "तरंगू देत की खुशाल! मी पडेन त्याचं काय?" मग थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, "केतकी, माझं तिकीट अलीकडचं करता येतं का गं? उगाच तुम्हाला घोर." मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. खरंच सांगते, त्या दिवशी मला त्या घराचा मनापासून राग आला. कौन्सिलकडे अपील करता आलं असतं, पण निकाल येईपर्यंत आईंचा व्हिसा संपला असता.

*

दोन दिवसांनी पाडवा. मिलिंदनं बागेतला बांबू पायऱ्यांच्या बाजूला मोठ्या कुंडीत पक्का रोवून गुढी उभारली. आई दारात आल्या, गुढीला हात जोडले, आणि नमस्कार करतोय असं दाखवत बांबू धरून चक्क खाली उतरल्या! पाचही पायऱ्या! खाली पोचल्यावर आधी गुढीची माफी मागितली, मग बाकावर जाऊन बसल्या.

डेरेक फाइल घेऊन आलेच. "ध्वजस्तंभाला परवानगी लागते."

"हा आमचा सण आहे," मी म्हटलं.

त्यांनी पानं चाळली. "मग ठीक. सणाची सजावट चालते. मात्र चौदा दिवसांच्या आत काढायची."

मी मिलिंदकडे पाहिलं. मिलिंदनं माझ्याकडे पाहिलं. आई बाकावरून ओरडल्या, "काय म्हणतोय तो?" मी सांगितलं. आईंचा चेहरा असा काही खुलला!

"अगं, आपल्यात चौदा दिवस मोकळे सापडतात का कुठे?"

रविवारी मिलिंदनं लाकडी कठडा केला. भिंतीला एकही भोक नाही, नुसता सिमेंट भरलेल्या कुंड्यांत उभा. त्याला झेंडूच्या माळा गुंडाळल्या. झाली रामनवमीची सजावट! मग हनुमान जयंती, मग संकष्टी, मग अक्षय तृतीया. मी दर वेळी कमिटीला रीतसर ईमेल करायची. डेरेकनी मिटिंगच्या मिनिट्समध्ये 'मोहिनी एकादशी' असं लिहिलं, तेही स्पेलिंग मला फोनवर दोनदा विचारून.

*

शेवटी मार्गारेटबाईंनी पुरावा मागितला. मी स्वयंपाकघरातलं कॅलेंडर काढून नेलं. त्यांनी भिंग घेऊन मे महिना पाहिला, जून पाहिला, जुलै पाहिला. एकही चौकट कोरी नव्हती.

"आणि तुम्ही लोक कामं कधी करता?" त्यांनी विचारलं.

पण नियम म्हणजे नियम. त्यांनी फक्त एक अट घातली, की नव्या सणाला जुनी माळ चालणार नाही. दर पंधरवड्याला त्या स्वतः येऊन माळ बदलली का ते बघायच्या. तपासून झालं की बाकावर आईंशेजारी बसायच्या. एक मराठीत गुडघ्यांबद्दल बोलायची, दुसरी इंग्रजीत गुलाबांबद्दल. तासन् तास! तिकिटाचं नाव आईंनी पुन्हा काढलं नाही.

एकदा आई मला म्हणाल्या, "ही बाई पुढच्या दारानं उतरताना पाहिलीस का कधी? दर वेळी मागच्या दारानं निघते, कचऱ्याच्या डब्यांच्या बोळातून."

"सवय असेल," मी म्हटलं.

"सवय कसली! गुडघे आहेत."

त्याच आठवड्यात गॅरेजमधलं उरलेलं लाकूड गायब झालं. मी मिलिंदला विचारलं, तर म्हणाला, "असेल इथेच कुठेतरी."

*

ओपन डे आला. दर वर्षी मार्गारेटबाई आमच्या गेटपाशी सगळ्यांना भेटतात. या वर्षी त्यांचा निरोप आला, "माझ्या घरासमोर जमा." चाळीसेक माणसं हिरवळीवर उभी. आई बाकावर. डेरेक फाइल घेऊन सगळ्यात पुढे.

दार उघडलं. मार्गारेटबाई बाहेर आल्या. मोत्यांची माळ, ताठ पाठ. आणि त्यांच्या पाच पायऱ्यांच्या बाजूला लाकडी कठडा, कुंड्यांत उभा, वरपासून खालपर्यंत झेंडूच्या ताज्या माळा गुंडाळलेला!

मी मिलिंदकडे पाहिलं. तो आभाळाकडे बघत होता.

बाईंनी कठडा धरला. एक, दोन, तीन, चार, पाच. सावकाश, सगळ्यांसमोर, पुढच्या दारानं. आई बाकावरून टाळ्या वाजवायला लागल्या. डेरेकनी फाइल उघडली, आईंकडे पाहिलं आणि मिटली.

गर्दीतल्या एका दाढीवाल्या गृहस्थांनी कॅमेरा खाली घेतला आणि कठड्याकडे बोट दाखवलं. "इज इट ओरिजिनल?"

मार्गारेटबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की एवढं साधं कसं माहीत नाही या माणसाला!

"छे हो," त्या म्हणाल्या. "आज एकादशी आहे."