कुंकवाखालचं नाव

खरं सांगायचं तर त्या दिवशी मी देवीशी भांडले. "तुला माझंच घर दिसलं का गं बये?" असं मनातल्या मनात किती वेळा म्हटलं असेन, त्याला गणती नाही. ज्या आई भवानीपुढे लग्न झाल्यापासून रोज दिवा लावते, तिलाच मी वाट्टेल ते बोलले. हे आधी कबूल करते आणि मगच पुढचं सांगते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं की ही बाई कुणी मोठी भक्तीण आहे.

आमचे हे फौजेत होते. सीमेवर सुरुंग फुटला, त्यात डावा पाय गुडघ्याखाली गेला आणि उजव्या हाताची दोन बोटं. आमची गौरी तेव्हा चार दिवसांची होती. मी माहेरी, साताऱ्याकडे बाळंतीण. बातमी आली तशी नात्यातली एक म्हातारी माझ्या खाटेशी येऊन म्हणाली, "पोरगी पांढऱ्या पायाची निघाली गं." ओल्या बाळंतिणीला असं बोलतं का कुणी? पुढे काही महिन्यांनी हे कुबड्यांवर घरी आले. मी हौसेनं गौरीला पुढे केलं. ह्यांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. मला वाटलं, झालं, ह्यांच्याही मनात तेच बसलंय. विचारायची हिंमत झाली नाही. नंतर त्यांनी तिला शाळेत पोचवलं, तिचे पाढे घेतले, सगळं केलं. पण तो फिरवलेला चेहरा माझ्या काळजातून गेला नाही.

आता आम्ही पनवेलला करंजाडेत राहतो. मी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. गौरी यंदा बारावी झाली. तिला फिजिओथेरपी शिकायचीय, कारण लहानपणापासून बाबांच्या पायाला तेल लावता लावता तिला त्याचाच नाद लागला. जखमी जवानांच्या मुलांना राखीव जागा असते, फी माफ असते, हे मला ठाऊक होतं. पण ह्यांनी आजवर कसलीच सवलत घेऊ दिली नव्हती. "पायाचं भांडवल करायचं नाही," म्हणायचे आणि विषय संपायचा. या वेळी मात्र मार्क थोडक्यात कमी पडले, आणि राखीव जागेवाचून गौरीला प्रवेश नव्हता. जखमी जवानाची मुलगी असल्याचा दाखला कॉलेजात द्यायची मुदत दुसऱ्या दिवशी पाचपर्यंत. मी ह्यांना न सांगता अलिबागची एसटी धरली, जिल्ह्याच्या सैनिक कार्यालयात जायला.

बरोबर ह्यांचं डिस्चार्ज बुक होतं. फौजेतून सुटताना मिळतं ते पुस्तक, त्यात नोकरीची आणि घरच्या माणसांची सगळी नोंद असते. आमच्याकडच्या फौजी घरांत दसऱ्याला कोयता, विळ्याशेजारी हे पुस्तकही पूजेला मांडतात. माझ्या सासूबाई सासऱ्यांचं मांडायच्या, मी ह्यांचं मांडते. दरसाल लाल फडकं सोडायचं, पुस्तक उघडायचं, गंध-कुंकवाचं ओलं बोट टेकवायचं, आपट्याचं पान आणि झेंडूच्या पाकळ्या आत ठेवून मिटायचं. गेल्या वर्षीचं पान आत असल्यामुळे पुस्तक नेहमी तिथंच उघडायचं. आत काय लिहिलंय ते मी कधी पाहिलं नाही. इंग्रजी वाचायचा मला कंटाळा, आणि त्या पुस्तकाची थोडी भीतीही वाटायची.

कार्यालयातले साहेब भले होते. त्यांनी फडकं सोडलं आणि पुस्तक उघडलं. मग ते माझ्याकडे फिरवून म्हणाले, "ताई, हे काय हो केलंत?"

ते पान घरच्या माणसांचं होतं. वर माझं नाव दिसत होतं. खाली, मुलांची नावं असतात तिथं, सतरा दसऱ्यांचं कुंकू साकळलं होतं. पाकळ्या कुजून चिकटल्या होत्या. साहेबांनी नखानं हलकेच खरवडलं तर कागदच निघून आला. मी म्हटलं, "साहेब, मी पूजा केली हो. दुसरं काही नाही केलं."

"कळतंय ताई. पण वाचता येत नाही ते मी दाखल्यावर लिहू कसं? त्यांच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसचं पत्र आणा, लगेच दाखला देतो. पत्राला मात्र दिवस लागतील."

परत येताना एसटीत मी मनातल्या मनात देवीशी भांडत होते. आई, कुंकू तुझं, आणि त्यानंच माझ्या पोरीचं नाव खावं? त्या म्हातारीचं खरं करायला निघालीस का? या तंद्रीत पळस्पे फाट्याला गाडी थांबली आणि मी पनवेल समजून उतरले. गाडी गेल्यावर चूक कळली. तिथंच कट्ट्यावर बसून, पुस्तक छातीशी धरून, मी लहान पोरीसारखी रडले.

शेजारी एक आगरी बाई भाजीचे वाटे लावून बसली होती. "कनाला रडतस गो बाय?" तिनं विचारलं. मग फडक्यातून डोकावणाऱ्या पुस्तकाकडे बोट दाखवून म्हणाली, "असा बुक आमचे घरान पन हाय. माझा दीर फौजेन कारकून व्हता. चल, दाखव त्याला. रडून काय व्हनार नाय." आणि भाजी शेजारणीच्या हवाली करून ती उठलीसुद्धा.

तिचे दीर निवृत्त सुभेदार निघाले. उभी नोकरी रेकॉर्ड ऑफिसात, आणि तेही ह्यांच्याच रेजिमेंटच्या. त्यांनी पुस्तक पाहिलं आणि हसले. "ताई, ही नक्कल आहे. मूळ नोंद तिकडे असते, तिला कुंकू लागत नाही. तिथं माझ्या हाताखाली शिकलेली मुलं आहेत. बघतो." त्यांनी फोन लावला, ह्यांचा फौजेतला नंबर आणि गौरीचा मेल सांगितला आणि वहिनीला चहा टाकायला लावला.

गौरीला मी रात्रीच सगळं सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला मेल आला. करंजाडेतल्या झेरॉक्सच्या दुकानात गौरी आणि मी प्रती काढून घेतल्या. पहिला कागद नोंदीचा, त्यावर गौरीचं नाव स्वच्छ होतं. गौरीनं तिथूनच तो अलिबागला पाठवला. खाली आणखी एक कागद होता, ज्या अर्जावरून नोंद झाली तो अर्ज. हिंदीत, हातानं लिहिलेला. अक्षर पहिलीतल्या मुलासारखं वेडंवाकडं, डाव्या हातानं काढलेलं. तारीख पाहिली आणि मी ती गौरीला पुन्हा वाचायला लावली. ह्यांचा पाय कापला त्याच्या दुसऱ्या दिवसाची तारीख होती ती.

लिहिलं होतं, माझ्या घरी मुलगी झाली आहे, तिचं नाव गौरी ठेवायचं आहे, ते नोंदवून घ्यावं. माझं काही बरंवाईट झालं तर तिचं शिक्षण थांबू नये, ही विनंती.

गौरी ते वाचून दुकानातच रडायला लागली. घरी आले आणि कागद ह्यांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी चष्मा लावला आणि कागद वाचला.

"कुठं मिळालं हे?"

"ते मागाहून सांगते. आधी तुम्ही सांगा, घरी आलात त्या दिवशी पोरीकडे पाठ का फिरवलीत?"

"पाठ?" ते म्हणाले. "अगं, दोन्ही हातांत कुबड्या होत्या. तिला घ्यायला हात कुठला होता मला? रडू आलं, म्हणून भिंतीकडे बघितलं. तू एवढी वर्षं..."

सतरा वर्षं हो! एक प्रश्न विचारला असता तर एवढं ओझं वाहावं लागलं नसतं.

"मग सवलत का घेऊ दिली नाहीत?"

"हे लिहिलं तेव्हा वाटलं होतं, मी काही यातून वाचत नाही. मेलेल्यानं मागितलं तर चालतं. जित्या बापाला लाज वाटते." मग चष्मा पुसत, कोपऱ्यातल्या कृत्रिम पायाकडे बोट करून म्हणाले, "गौरी, माझा पाय आण. कॉलेजात मी येतो."

अलिबागहून दाखला दुपारी मेलवर आला. साडेचारला ह्यांनी कॉलेजच्या कागदांवर सही केली, डाव्या हातानं.

पेढे घेऊन मी पळस्पेला गेले. बाई तिथंच होती, कुठं अंतर्धान पावली नव्हती. "पेढे कनाला? भाजी घे ना," म्हणून मलाच रागावली. एसटीतून चुकून उतरले ते कुणी उतरवलं, मला माहीत नाही आणि खल करायचाही नाही. मला एवढंच कळलं की मी देवीपुढे हात जोडत होते, पण मनातली मूठ कधी सोडली नव्हती. ती तिनं सोडवून घेतली. आई, मी बोलले ते विसर.

यंदाच्या दसऱ्याला पुस्तक मांडलं. मी कुंकवाचा करंडा उघडला तर हे म्हणाले, "आधी वाच, मग लाव." गौरीनं पहिल्या पानापासून सगळं मोठ्यानं वाचलं. मग मी तिला पाटावर बसवलं, ह्यांनी ताम्हण धरलं, आणि ते कुंकू मी माझ्या लेकीच्या पायांना लावलं.