रुसायला जागा

समोर नवं जोडपं येऊन बसलं की ते आधी उठायचे, टेबलाला वळसा घालून पुढे यायचे आणि त्या दोघांना अर्धवट उठवून त्यांच्या खुर्च्या समोरासमोर करून ठेवायचे. मग आपल्या जागी परत जाऊन चष्मा काढायचे, पुसायचे आणि विचारायचे, "जायचं ठरलं, उत्तम. आता सांगा, रुसायला जागा कुठली?"

मुलगा मुलीकडे बघायचा, मुलगी पर्समध्ये बघायची. मी कोपऱ्यात टाइपरायटरमागे मान खाली घालून हसायचे.

मुलुंडला पाच रस्त्यापाशी आमचं ट्रॅव्हल ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे एक गाळा, तीन टेबलं आणि मालकांच्या खुर्चीकडेच वारा घालणारा एक पंखा. शेजारी शालूंचं दुकान होतं, त्यामुळे बस्ता बांधून झाला की मंडळी पिशव्यांसकट आमच्याकडे वळायची. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. हनिमून हा शब्द आमच्या घरांत येऊन पोचला होता, पण वडीलधाऱ्यांसमोर अजून 'फिरायला जाणार आहेत' असंच म्हणायचे. आधी कुलदैवत, मग सत्यनारायण, आणि मग माथेरान नाहीतर महाबळेश्वर. हात जरा सैल असला तर काश्मीर.

अशात आमच्या काचेवर ते पोस्टर लागलं. निळंशार पाणी, पांढरी वाळू, एक वाकडा माड आणि माणूस एकही नाही. लक्षद्वीपकडचं एक निर्जन बेट होतं ते. तिथे पर्यटकांसाठी नुकत्याच झोपड्या बांधल्या होत्या. कोचीनला जायचं, तिथून छोटं विमान, पुढे होडी. फोन नाही, टीव्ही नाही, दुकान नाही. दोन खोल्यांत आठ माणसांबरोबर वाढलेल्या आमच्या पोरांना त्या चित्रातल्या माडापेक्षा त्यात नसलेल्या माणसांचंच जास्त कौतुक. "आम्हाला हेच पाहिजे," म्हणत ती आत यायची आणि त्यांची गाठ या खुर्च्या फिरवणाऱ्या गृहस्थांशी पडायची. त्या बेटाचं सगळं काम त्यांच्याकडे, म्हणून आम्ही त्यांना 'बेटवाले' म्हणायचो. तोंडावरसुद्धा म्हणायचो. त्यांना आवडायचं.

उंच, काटकुळे, पांढरा बुशशर्ट, खिशात कंगवा. मूळचे वेंगुर्ल्याकडचे, वडील गिरणीत, लहानपण लालबागच्या चाळीत. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांना कुठल्याच गोष्टीबद्दल शंका म्हणून नसते. हवामान खातं काही म्हणो, हे सांगतील तेव्हाच पाऊस थांबणार. मी कधी आडवी गेले तर "गो बाय, तुका काय कळता?" एवढं म्हणून विषय संपवायचे. राग यायचा, पण पुढे बहुतेक वेळा त्यांचंच खरं निघायचं, आणि त्याचा जास्त राग यायचा.

रुसण्याच्या जागेबद्दल त्यांचं म्हणणं असं. घरी भांडण झालं तर बाई स्वयंपाकघरात जाते, बाप्या गॅलरीत जातो, मध्ये घरातली चार माणसं असतात, तासाभरात भांडण निवतं. महाबळेश्वरला झालं तर बाजारात जाऊन चपला घेता येतात. पण बेटावर? एक झोपडी, चहूकडे पाणी. तिसऱ्या दिवशी भांडण होणारच, हे ते पंचांग सांगितल्यासारखं सांगायचे. तेव्हा रुसून जाणार कुठे? म्हणून ज्यांचं लग्नाआधी एकदा तरी कडकडून भांडण झालंय आणि मिटलंय, त्यांनाच बेट. "आम्ही कधीच भांडत नाही," असं लाडात येऊन सांगणाऱ्यांना ते सरळ महाबळेश्वरची बस दाखवायचे.

पंचाईत व्हायची ठरवून जमलेल्या लग्नांची. त्यांची भेटच दोनदा झालेली, तीही मावशीच्या देखरेखीखाली; भांडणार कधी? मग बेटवाले ऑफिसातच भांडण लावून द्यायचे. तिथे रोज मासे असतात, तेही तिरफळाशिवाय, चालेल का? विमानात खिडकी कोणाला? माहेरी पहिलं पत्र कधी टाकायचं? पाच मिनिटांत दोघं तावातावाने बोलायला लागायची, आणि हे चष्मा पुसत ऐकत बसायचे. पत्रावरून पेटलेल्या एका जोडप्यातली मुलगी उठून बाहेर गेली. मुलगा मागे धावला आणि दोघं फरसाणवाल्याकडून जिलबी खात परत आली. बेटवाल्यांनी तिथल्या तिथे बेट मंजूर करून टाकलं.

मालक वैतागायचे. गिऱ्हाईक पैसे घेऊन आलंय आणि हा माणूस त्याला परत पाठवतो. पण पाठवलेली गिऱ्हाइकं पुढच्या वर्षी पेढे घेऊन येत, सोबत धाकट्या भावालाही आणत, त्यामुळे मालकांचा आवाज कधी चढला नाही.

एकदा जोडप्याबरोबर मुलाची आईही आली. लग्न पंधरवड्यावर आलेलं. समुद्र आहे, हवा चांगली आहे, तर आम्ही नवरा-बायकोही यांच्याबरोबर जाऊन येतो, असा तिचा बेत होता. मुलगा काचेवरच्या पोस्टरकडे बघत होता, होणाऱ्या सुनेचं तोंड उतरलेलं. बेटवाल्यांनी त्या माउलीलाच विचारलं, "काकी, तुमी रुसलात तर खंय जातालात?" काकी म्हणाल्या की आपण रुसलो होतो कधी, हे घरात कोणाला माहीतच नाही. बेटवाल्यांनी त्यांना चहा मागवला आणि काका-काकींना गणपतीपुळ्याला पाठवायची व्यवस्था केली, वेगळी. त्यांचाही तो पहिलाच हनिमून होता, असं ते नंतर म्हणाले.

तर असे हे बेटवाले. स्वतःचं लग्न मात्र झालेलं नव्हतं. बहिणींची लग्नं, वडिलांचं आजारपण, गिरणी बंद पडणं यांत पंचेचाळिशी उलटली होती. भांडुपला एका खोलीत एकटे राहायचे. मी एकदा आगाऊपणे विचारलं की तुम्ही कुठे रुसता? म्हणाले, "एकटो माणूस रुसान काय करतलो?" आणि लगेच फाइल उघडून बसले.

मग त्या बाई आल्या. मुलुंड पूर्वेला शाळेत शिकवायच्या. चाळिशीच्या असाव्यात, हातात छत्री, खांद्यावर मोठी पिशवी. धाकट्या भावाचं लग्न ठरलं होतं, त्याच्यासाठी बेट बघायला आल्या होत्या. बेटवाल्यांनी नेहमीप्रमाणे उठून खुर्च्या फिरवल्या, मग लक्षात आलं की समोर एकच माणूस आहे. तरी प्रश्न विचारलाच.

बाईंनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "रुसायला जागा लागत नाही हो. रुसलात का, म्हणून विचारणारं माणूस लागतं. माझ्या घरात रुसायला गच्ची होती, जिना होता. वर कोणी आलं नाही."

बेटवाल्यांच्या हातातला चष्मा तसाच राहिला. त्यांना उत्तर सुचलं नाही, हे मी त्या ऑफिसात पहिल्यांदाच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मात्र उत्तर तयार होतं, पण बाई आल्या नव्हत्या. त्या पुढच्या आठवड्यात आल्या तेव्हा दोघांची जुंपली. भावाचं बुकिंग दहा मिनिटांचं काम, ते दोन महिने चाललं. कधी परवान्यावरून, कधी भरतीच्या वेळेवरून, कधी नुसतंच. बाई शाळा सुटल्यावर यायच्या, त्यांची एखादी चूक काढायच्या, ते बाईंना भूगोल शिकवायला जायचे, आणि फाटकन काहीतरी बोलून बाई निघून जायच्या. भाऊ बेटावर जाऊन परतसुद्धा आला, तरी बाई येतच होत्या.

आणि एका संध्याकाळी बेटवाले उठले, पुढे आले, बाईंची खुर्ची फिरवली आणि दुसऱ्या खुर्चीत स्वतः बसले. "बाई," ते म्हणाले, "आपलं भांडण बरेच दिवस चाललंय. आणि प्रत्येक वेळी तुम्ही परत आलात. माझ्या नियमाने आपल्याला बेट मिळतं."

बाई छत्रीच्या मुठीकडे बघत राहिल्या. मालकांनी उठून पंखा त्यांच्याकडे वळवला. मला रडू आलं, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही.

लग्न नोंदणी कार्यालयात झालं. लोक बोलायचे ते बोललेच. या वयात कसलं फिरायला जाणं, सिद्धिविनायकाला जाऊन या, असं बाईंच्या शाळेतल्या मैत्रिणी म्हणाल्या. बेटवाल्यांनी बेटच ठरवलं होतं. पण तिकिटं टाइप करताना मी बघत होते, ते दोनदा येऊन माझ्यामागे उभे राहिले. शेवटी बोलले. आयुष्यभर एकट्याच्या सवयीने जगलेली दोन माणसं. तिथे एकमेकांचा कंटाळा आला तर परत येऊन कुठल्या तोंडाने राहायचं? विशीतल्या पोरांचं बिनसलं तर दुरुस्त करायला जन्म पडलेला असतो. आपल्याकडे तेवढा नाही. मी म्हटलं, मग महाबळेश्वर करू या का? "नको," म्हणाले, "लोकांका बेट विकलंय. आता आपण भियान कसा चलात?"

ते परत आले तेव्हा नाकावरची कातडी सोललेली होती. कसं होतं विचारलं तर "उत्तम" म्हणाले आणि कामाला लागले. खरी हकिकत बाईंनी सांगितली, चहा पिता पिता, त्यांच्यासमोरच.

भांडण तिसऱ्या दिवशी झालं. पंचांग चुकलं नव्हतं. हे गृहस्थ रोज सकाळी उठून तिथल्या स्वयंपाकघरात जायचे, गाद्या दाबून बघायचे, पंपाला गोडं पाणी किती येतं ते विचारायचे. बाई वाळूत एकट्या. शेवटी त्यांनी विचारलं की तुम्ही गिऱ्हाइकांसाठी आलात की माझ्यासाठी? हे म्हणाले, माझ्यावर बाईगिरी करू नका, मी तुमच्या वर्गात नाही. झालं. बाई उठल्या आणि किनाऱ्याने उजवीकडे चालायला लागल्या. तेही तणतणत डावीकडे गेले. दोघांनीही मनाशी ठरवलं होतं की मागे वळून बघायचं नाही, आणि खरंच कोणी बघितलं नाही.

बेट ते केवढं. चालता चालता पायाला पोवळ्याचे तुकडे टोचत होते, ऊन चढलं होतं. बाई सांगत होत्या, राग हळूहळू उतरला आणि भीती वाटायला लागली की आता हे माणूस विचारायलाही येणार नाही, पुन्हा तो जिनाच नशिबी. तेवढ्यात पुढच्या माडांच्या वळणावरून समोरून कोणीतरी येताना दिसलं. काटकुळं, हातात चपला, नाक लाल झालेलं.

"मी काय म्हटलं असेन?" बाईंनी मला विचारलं.

"काय म्हणतली?" बेटवाले मध्येच बोलले. "म्हणाली, एवढा उशीर?"

त्यानंतर त्यांनी तो प्रश्न विचारणं सोडलं. खुर्च्या फिरवणं तसंच राहिलं, चष्मा पुसणं तसंच राहिलं. पण आता भांडणाची परीक्षा नव्हती, सगळ्यांना सरसकट बेट. फक्त तिकिटं हातात देताना सूचना असायची: भांडण झालं की एकाने डावीकडे जायचं, एकाने उजवीकडे. थांबायचं नाही, मागे वळायचं नाही. बेट गोल आहे, बाकीचं ते बघून घेईल. माझ्या लग्नानंतर मलाही हेच सांगितलं, आणि माझा नवरा उलट दिशेने न जाता माझ्याच मागे आला, तेव्हा मी त्याला परत पाठवलं होतं.

चौदा-पंधरा वर्षं त्यांचा संसार चांगला झाला. कडाकडा भांडायची दोघं. पुढे त्यांना हृदयाचा झटका आला आणि ते गेले. मी कळल्यावर धावले. घर माणसांनी भरलेलं होतं. बाई दाराजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या. डोळे कोरडे होते. आलेली प्रत्येक बाई म्हणत होती की रडा, मोकळ्या व्हा.

मी शेजारी बसून हात धरला. त्याच माझ्या हातावर थोपटत राहिल्या. मग बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या, "सकाळी चहावरून वाजलं होतं आमचं. ते गेलेत डावीकडे." जरा थांबल्या आणि पदर सारखा केला. "मी आपली उजवीकडून निघालेय. भेटतील पुढे."