सोमवार म्हणजे चहा

माझ्या सासऱ्यांना अर्धांगाचा झटका आला, तेव्हा आमची लेक नुकतीच बालवाडीत जायला लागली होती. उजवा हात आणि पाय हळूहळू वळणावर आले, काठी टेकत ते वाडीत पोफळींपर्यंत फेरी मारू लागले. बोलणं मात्र बिनसलं ते बिनसलंच. आवाज होता, पण शब्द जागेवर नव्हते. नारळ पाडायला आलेला माणूस माडाच्या शेंड्यावर पोचला तरी खालून त्याच्याशी गप्पा मारणारे आमचे बाबा, ते आता पडवीतल्या खुर्चीत गप्प बसून असायचे.

"आजोबांचे शब्द कुठे गेले?" लेकीने विचारलं.

"डोक्यात अडकलेत," नवऱ्याने सांगितलं.

"मग त्यांना उलटं धरा ना. सॉसची बाटली धरतो तसं."

आम्हाला हसावं की रडावं कळेना. थोड्या वेळाने मी पडवीत डोकावले, तर ती स्टुलावर चढून त्यांच्या टाळूवर तळहाताने हलकेच थापट्या मारत होती. "निघतायत का?" असं मधून मधून विचारत होती. बाबा डोळे मिटून निमूट बसले होते.

ते बोलायचा प्रयत्न करायचे, नाही असं नाही. पण मनात एक असायचं आणि तोंडून भलतंच निघायचं. एका दुपारी ते सासूबाईंना सारखं म्हणत होते, "सोमवार... सोमवार." सासूबाई म्हणाल्या, "अहो, आज गुरुवार." ते आणखी जोरात म्हणाले, "सोमवार!" सासूबाईंनी भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं. तशी त्यांनी काठी आपटली आणि तोंड फिरवून घेतलं. डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या होत्या.

लेक स्वयंपाकघरात आली आणि मला म्हणाली, "आई, आजोबांना चहा हवाय."

"कशावरून गं?"

"सोमवार म्हणाले ना ते."

"सोमवार म्हणजे चहा?"

"त्यांच्यात," ती म्हणाली. आपल्यात फोडणीला लसूण घालतात, त्यांच्यात घालत नाहीत, असं सांगावं तितक्या सहज.

मी चहा करून नेला. बाबांनी कप दोन्ही हातांत घेतला आणि माझ्याकडे नाही, तिच्याकडे पाहिलं. "तुला कसं कळलं?" मी नंतर तिला विचारलं. "ते स्वयंपाकघराकडे बघत होते. आणि त्यांनी असं केलं," म्हणून तिने ओठांचा चंबू करून गरम चहावर फुंकर मारून दाखवली. आम्ही तिघं मोठी माणसं त्यांच्या शब्दाकडे पाहत होतो. ती त्यांच्याकडे पाहत होती.

त्या दिवसापासून घरात दुभाष्या आला. पंख्याला ते म्हैस म्हणायचे. "म्हैस बंद करा, आजोबांना थंडी वाजतेय," अशी आतून आरोळी यायची. छत्री म्हणजे कावळा. चष्मा म्हणजे जावई. आणि तिला स्वतःला ते 'पोस्टमन' म्हणायचे. याचा तिला इतका अभिमान, की बालवाडीत बाईंनी मोठेपणी कोण होणार असं विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "मी झाले पण."

गंमत अशी की ती त्यांचे शब्द नुसते ओळखत नव्हती, वापरतही होती. "आजोबा, तुमचा जावई पुसून देऊ?" असं विचारायची. आम्ही चूक सुधारायला गेलो की बाबा मिटून जायचे. तिच्यापाशी मात्र सकाळभर काहीबाही बोलत बसायचे.

पुढच्या तपासणीसाठी मुंबईला जायचं होतं. लेकीला घरी ठेवायचं ठरलं होतं, पण ती सकाळी उठून स्वतःच चपला घालून गाडीत जाऊन बसली. "मी नाही आले तर डॉक्टरांना मराठीत कोण सांगणार?" मग तिलाही बरोबर घेतलं. मांडव्याहून बोटीने आम्ही चौघं निघालो. वाटेत बोटीवरच्या एका अनोळखी बाईंना तिने समजावलं, "माझे आजोबा आजारी नाहीयेत. त्यांची भाषा नवीन आहे."

डॉक्टर तरुण होत्या, शांत बोलणाऱ्या. त्यांनी बाबांपुढे चित्रं ठेवायला सुरुवात केली. पहिलं चित्र छत्रीचं होतं.

बाबा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "कावळा."

डॉक्टरांनी मान हलवून पुढचं चित्र उचललं, तेवढ्यात लेक माझ्या मांडीवरून उतरली.

"बरोबर आहे ते! त्यांच्यात छत्रीला कावळाच म्हणतात."

नवऱ्याने तिला मागे ओढलं. डॉक्टरांनी हाताने थांबवलं. "असं? मग हे काय आहे?" त्यांनी पंख्याचं चित्र धरलं.

"म्हैस," आजोबा आणि नात एकदमच म्हणाले.

डॉक्टर खळखळून हसल्या. "आणखी कुठले शब्द येतात तुला?"

"आजोबांना विचारून सांगते," ती म्हणाली आणि खरोखरच त्यांच्याकडे वळली. "सांगू का यांना?"

बाबांनी मान डोलावली आणि मग ते हसले. तोंडाची उजवी बाजू अजून ओढलेली होती, त्यामुळे हसू वाकडं आलं. झटका आल्यानंतरचं त्यांचं ते पहिलं हसू. शेजारी बसलेला माझा नवरा खिडकीकडे बघायला लागला.

डॉक्टर आम्हाला म्हणाल्या, "ऐकणारं कोणीतरी आहे, म्हणून ते बोलतायत. हे बंद पाडू नका." मग त्या खाली वाकून लेकीला म्हणाल्या, "तू एक काम करायचं. त्यांचा शब्द ऐकलास की आपलाही शब्द सांगायचा. दोन्ही."

"आणि त्यांना आपला नाही आला तर?"

"तर उद्या परत सांगायचा."

तिने ते काम फार मनावर घेतलं. रोज बालवाडीतून आली की पडवीत शिकवणी सुरू. "सोमवार म्हणजे चहा. म्हणा, चहा." बाबा ओठ हलवायचे, घाम फुटायचा, शब्द यायचा नाही. मग ती म्हणायची, "नाही आला तरी चहा मिळणार आहे हं." हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. बालवाडीतही कोणी असं शिकवत असेल, असं मला वाटत नाही. मी कित्येकदा हातातलं काम टाकून दाराआडून ऐकत राहायचे.

शब्द परतले, पण एकेक करून, लहरीप्रमाणे. चष्मा आधी आला. चहाला पावसाळा उलटून जावा लागला. ज्या दिवशी तो आला त्या दिवशी आम्ही सगळे आनंदाने ओरडलो आणि लेक मात्र रुसून बसली. "आता तुम्हाला पण सगळं कळणार," ती म्हणाली.

परवाची गोष्ट. दोघं फाटकापाशी उभी होती, मी आत फुलं काढत होते. मुंबईची एक गाडी थांबली आणि आतल्या माणसाने काशीदचा रस्ता विचारला. बाबा म्हणाले, "सरळ जा. मग..." आणि अडकले. गाडीतली माणसं वाट पाहत होती. बाबांचे ओठ नुसते हलत होते. मी पुढे होऊन सांगणार, तोच लेकीने माझ्याकडे वळून ओठांवर बोट ठेवलं. तिला रस्ता माहीत होता. शब्दही माहीत असणार. ती बोलली नाही. त्यांचा हात धरून नुसती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"चढ," बाबा म्हणाले. "चढ लागेल. उतरलात की समुद्र."

गाडी गेली. एवढ्याशा पोरीला कधी बोलायचं ते कळत होतं, हे मी पाहिलं होतं. कधी गप्प राहायचं तेही कळतं, हे मला त्या दिवशी दिसलं. मी फुलांची परडी घेऊन तिथेच उभी राहिले. ती दोघं मात्र, त्यात काही विशेष नसल्यासारखी, दुसरी गाडी येतेय का ते बघत होती.